हद्दीच्या आत

सुनावणी संध्याकाळी होती, पण घरात ती सकाळपासूनच सुरू झाली होती.

कालव्यापलीकडचा पट्टा शहराच्या हद्दीत घ्यायचा आणि तो सगळाच्या सगळा निवासी ठरवायचा, असा ठराव नगरपालिकेपुढे आला होता. त्या पट्ट्यात होतं तरी काय म्हणा. थोडी पडीक जमीन, एक बंद पडलेला पेट्रोल पंप आणि मधोमध या घराची लाकडाची वखार. आजोबांनी काढलेली, वडिलांनी वाढवलेली आणि वडील गेल्यापासून तिघा भावंडांच्या नावावर असलेली. पट्टा निवासी झाला की वखार बंद, कारण निवासी भागात करवत चालवता येत नाही. मात्र तिच्या जागी घरं बांधता येतात. एवढी साधी गोष्ट. पण ती या घरात शिरली आणि बघता बघता तिला फाटे फुटले.

मधलीला याची सवय होती. वर दादा, खाली धाकटा आणि मध्ये ती, म्हणून सगळे तिला मधलीच म्हणत. शहरात तिचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानावरच्या खोल्यांत ती एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परगावी नोकरीला. वडिलांच्या मागे वाटणीवरून दोघा भावांचं बिनसलं, तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही सांगायचं ते मधलीला सांगायचे. तीही इकडचं तिकडे पोचवायची, वाटेत थोडं धुऊनपुसून. ‘त्याला विचार, अक्कल गहाण टाकलीय का’ हे पलीकडे पोचेपर्यंत ‘दादा म्हणतोय, जरा विचार कर’ असं झालेलं असायचं.

आज तर दोघे एकाच टेबलाशी समोरासमोर बसले होते, तरी टपाल तिच्याचमार्फत चाललं होतं.

“त्याला म्हणावं, तो नकाशा काढ टेबलावरून,” दादा म्हणाला. “चहा सांडेल.”

“ताई, दादाला सांग, कप उचल म्हणून.”

मधलीने कप उचलला आणि नकाशाही थोडा सरकवला. धाकटा घरांचे आराखडे काढायचा. तो जिथे जाईल तिथे काखेत गुंडाळी, म्हणून वखारीतली माणसं त्याला नकाशेवाले म्हणत. आजचा नकाशा त्याने घरी बसून मन लावून काढलेला होता. घरांच्या दोन रांगा, मध्ये झाडं, टोकाला मुलांना खेळायला मोकळी जागा. वखारीचा त्यात मागमूस नव्हता.

बाहेर करवत चालू होती. या घरात करवत चालू असताना सगळे वरच्या पट्टीत बोलत आणि ती थांबली तरी पट्टी खाली येत नसे. नव्या माणसाला वाटायचं, भांडण चाललंय. आज त्याचं काही चुकलं नसतं.

“हद्दीत गेलंच पाहिजे,” आत्या म्हणाली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. शहराच्या बसमध्ये तिने सबंध नोकरी कंडक्टर म्हणून काढली होती. “अख्खं शहर मी तिकिटं फाडून पोचवलं. आणि माझ्या घरी यायची वेळ आली की बस पुलापर्यंत येते, वळते आणि मला पाठ दाखवून निघून जाते. का, तर म्हणे पुढे हद्द नाही.”

“बघ,” धाकटा म्हणाला. “आत्या माझ्या बाजूने आहे.”

“तुझ्या कुठे? मी बसच्या बाजूने आहे. वखारीला कोणी हात लावला तर मी त्याचा हात मोडीन.”

दादाने समाधानाने बिस्किट चहात बुडवलं. त्याच्या हिशेबी आता तीन मतं झाली: आत्या, तो स्वतः आणि अर्थातच बायको. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी नळ सोडला. नळ म्हणजे विहिरीवरच्या टाकीचा नळ. त्यातून पाणी नेहमीसारखं खाकरत आलं.

“मी भाऊजींच्या बाजूने आहे,” वहिनी पाठ न वळवता म्हणाल्या.

बिस्किट कपात पडलं.

“काय?” दादा म्हणाला.

“शहराचं पाणी येईल. या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, डाळ शिजत नाही. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही म्हणालात, दोन-चार वर्षांत लाइन येईल. आता माझे केस पांढरे झाले आणि तेही या पाण्याने राठ. आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा. मी एकदा तरी भुसा न झटकता साडी नेसावी म्हणते.”

“इतकी वर्षं बोलली नाहीस.”

“बोलले. करवत चालू होती.”

दादा मधलीकडे वळला. सवयीनेच. “तिला सांग…” असं म्हणून तो थांबला, कारण बायकोशी बोलायला त्याला अजून टपालाची गरज पडली नव्हती. मधलीला हसू आलं, पण तिने ते चहाबरोबर गिळलं.

मग बोलणार कोण, यावर गाडी आली. नगरपालिकेचा नियम असा की एका मालमत्तेकडून एकालाच बोलता येईल. दादा बोलला तर धाकट्याला चालणार नव्हतं, धाकटा बोलला तर दादा सभागृहातून उठून गेला असता. आत्याला माइक द्यायला सगळेच घाबरत होते. शेवटी सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी येऊन थांबल्या.

“ताई बोलेल,” धाकटा म्हणाला.

“मधली बोलेल,” दादाही म्हणाला, जणू ते त्याला आधी सुचलं होतं.

किती दिवसांनी दोघांचं एकमत झालं होतं, आणि त्याचं कारण उघड होतं. ती आपलीच आहे अशी दोघांचीही खात्री होती.

निघायच्या आधी दादाने तिला वखारीत बोलावलं. माणसांना त्याने लवकर घरी सोडलं होतं. करवत थांबलेली, खाली भुशाचा ढीग आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा वास. दादाने सुनावणीसाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण त्याच्या भुवयांत भुसा तसाच होता.

“हे बघ,” तो म्हणाला. नुकत्याच कापलेल्या फळीवरून त्याने हात फिरवला, मग तिची कड नखाने खरवडली.

“काय बघू?”

“बंद झालं तर मी घरी बसून करू काय? टीव्ही किती बघणार? तुला दुकान आहे, त्याला त्याची कागदं आहेत. मला हे सोडून काही येत नाही. माणसं आहेत आपली, त्यांना काय सांगू, की माझ्या भावाला तिथे बाग करायचीय?” त्याने खिशातून रुमाल काढला, त्यातूनही थोडा भुसा पडला. “तू नीट सांग तिकडे. तुला नीट सांगता येतं.”

“सांगते,” ती म्हणाली. काय सांगते, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

अंगणात आणखी एक पेच उभा होता. दादा आपल्या ट्रकने जाणार होता, धाकटा आपल्या गाडीने. वहिनी ठामपणे धाकट्याच्या गाडीत मागे जाऊन बसल्या. ते पाहून आत्या तितक्याच ठामपणे ट्रकवर चढली. त्या वयात, साडी खोचून, कोणाचा हात न धरता. दोन्ही वाहनांची दारं मधलीसाठी उघडी होती आणि दोन्हीकडचे लोक तिच्याकडे बघत होते.

“जाताना याच्याबरोबर, येताना ट्रकमधून,” ती म्हणाली. असले तह करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

गाडीने पूल ओलांडला. मग धाकटा म्हणाला, “ताई, तुला माहितीय मी आजपर्यंत काय काय बांधलं?”

“किती तरी घरं.”

“एकही नाही. लोकांची न्हाणीघरं मोठी करून दिली. गॅलऱ्या बंद करून दिल्या. दोन खोल्यांच्या मधली भिंत पाडली, पुढच्या मालकाने ती परत उभी करून घेतली. अथपासून इतिपर्यंत माझं म्हणावं असं एक दार नाही या शहरात.” त्याने गिअर बदलला. “सगळ्यांना वाटतं मला जमीन विकून मोकळं व्हायचंय. दादाला तर खात्रीच आहे. मला विकायचं नाहीये गं. मला बांधायचंय. आणि आपल्या जागेवर नाही बांधायचं तर कुठे?”

“हे दादाला सांगितलंस कधी?”

“तू सांगितलं नाहीस?”

मधली खिडकीबाहेर बघू लागली. खरंच, सांगितलं नव्हतं. धुण्यापुसण्यात ते वाहून गेलं असावं. मागून वहिनींचा हात आला आणि तिच्या खांद्यावर टेकला. “तू दमतेस,” वहिनी म्हणाल्या, “ते दिसतं मला.”

सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा होता. पंखा नुसता फिरायचा, वारा मात्र स्वतःजवळच ठेवायचा. व्यासपीठावर नगराध्यक्षा, दोन्ही बाजूंना नगरसेवक आणि कोपऱ्यात नगररचना अधिकारी, भिंतीवरच्या मोठ्या नकाशाशेजारी. नकाशात कालव्यापलीकडे पिवळा रंग भरला होता. पिवळा म्हणजे निवासी. नगराध्यक्षांच्या नाकावरचा चष्मा मधलीच्याच दुकानातला होता आणि त्याची डावी काडी सैल झाली होती. ती घट्ट करून द्यावी म्हणून तिचे हात शिवशिवू लागले.

दोघे भाऊ एकाच रांगेत बसले होते, पण मध्ये आत्या, वहिनी आणि ती अशी तटबंदी होती.

आधी कालव्याच्या अलीकडच्या नव्या इमारतींतले एक निवृत्त प्राध्यापक बोलले. फार सभ्यपणे बोलले. वखारीच्या आवाजाने वाचन होत नाही, पहाटेपासून करवत सुरू होते, शहर आता वाढतंय, अशा धंद्यांनी आपणहून दूर जावं. दोन-तीन नगरसेवकांनी माना डोलावल्या. दादा खुर्चीत इतका पुढे सरकला की आत्याने त्याच्या शर्टाची शेपटी धरून ठेवली.

“पलीकडची वखार,” नगराध्यक्षा म्हणाल्या. “कोण बोलणार आहे?”

मधली उठली. माइक तिच्या उंचीला खाली आणताना तो किंचाळला. वाटेत तिने एक वाक्य तयार केलं होतं, स्वच्छ, कोणालाही न लागणारं.

“आमच्या कुटुंबात या बाबतीत दोन मतं आहेत,” ती म्हणाली.

“चार आहेत,” मागून आत्या पुटपुटली. तिचं पुटपुटणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

“ते आमच्या लक्षात आलंय,” नगराध्यक्षा म्हणाल्या. “तुमचं मत काय?”

“माझं?”

“तुम्हीच उभ्या आहात ना?”

दादाचं म्हणणं मधलीकडे तयार होतं, धाकट्याचंही. वहिनींचं पाणी, आत्याची बस. या सगळ्यांच्या खाली हात घालून स्वतःचं काही लागतंय का, हे तिने चाचपून पाहिलं. आणि लागलं. तिला स्वतःलाच नवल वाटलं.

“मला तिथे राहायला जायचंय,” ती म्हणाली.

मागे एक खुर्ची करकरली.

“म्हणजे तुमचा निवासीला पाठिंबा आहे,” नगराध्यक्षांनी काहीतरी टिपलं.

“आहे. पण वखार चालू असताना.”

“दोन्ही कसं चालेल? आवाजाचा त्रास होतो, म्हणून तर हे सगळं चाललंय.”

“मला आवाज नसल्याचा त्रास होतो,” मधली म्हणाली. तिचा आवाज आपोआप घरातल्या पट्टीत गेला होता, माइकची तशी गरज उरली नव्हती. “मी दुकानाच्या वर राहते. फार शांत आहे. दुपारी आडवी झाले की मी घड्याळ ऐकत पडते. माहेरी गेले की करवतीच्या आवाजात मला पाच मिनिटांत डोळा लागतो. आम्ही तिघं त्या आवाजातच वाढलो. त्यात अभ्यास केला, त्यात आजारी पडलो, त्यात बरे झालो. आमच्या आजोबांनी घर आणि वखार एकाच वेळी बांधायला काढली. त्यांना कोणी सांगितलं नाही की माणसाने एका जागी राहायचं आणि काम दुसरीकडे जाऊन करायचं.”

“आणि तुमच्या कानांवर परिणाम झाला नाही?” प्राध्यापकांनी बसल्या जागेवरून विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“आम्ही मोठ्याने बोलतो, हे कबूल आहे.”

सभागृह हसलं. नगराध्यक्षाही हसल्या आणि चष्मा एका बाजूला कलला.

“तुमची पहाटेची तक्रार मात्र बरोबर आहे,” मधली प्राध्यापकांना म्हणाली. “पहाटे माझा भाऊ मलाही नको असतो.”

नगररचना अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. “मिश्र वापर असा एक प्रकार नियमात आहे. राहणंही आणि उद्योगही. पण त्याला मध्ये अंतर लागतं, आवाज अडवायची सोय लागते, कामाच्या वेळा बांधून घ्याव्या लागतात. तसा आराखडा कोणी सादर केलेला नाही. आम्ही काय बघून ठरवणार?”

धाकटा कधी उठला ते तिला कळलंच नाही. तो पुढे आला, त्याने काखेतली गुंडाळी अधिकाऱ्यांच्या टेबलावर पसरली. मग कागद उलटा केला, कोऱ्या बाजूला कालवा काढला, रस्ता काढला, कालव्याच्या अंगाला एक चौकोन.

“वखार इथे, मागे,” तो म्हणाला. “घरं रस्त्याच्या बाजूला. मागची रांग रद्द. मध्ये लाकडाच्या थप्प्या, उंच रचून. लाकडासारखं आवाज पिणारं दुसरं काही नाही. आणि इथे एक भिंत.”

“तिथे भिंत नाही चालणार.”

दादा उभा होता. शर्टाची शेपटी आत्याच्या हातातून सुटली होती.

“का नाही चालणार?” धाकट्याने मान वर न करता विचारलं.

“ट्रक वळणार कसा? तुझ्या डोक्यावरून?”

“मग कुठे घेऊ?”

“अलीकडे घे. अजून. अरे, अजून अलीकडे, ओंडके उतरवायला जागा नको?” बोलता बोलता दादा टेबलापाशी पोचला होता. त्याने धाकट्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि एक वाकडीतिकडी रेघ ओढली. “अशी.”

“अशी भिंत जगात कोणी बांधत नाही.”

“तू बांध.”

आत्याने वहिनींना कोपराने ढोसलं. वहिनींनी पदर ओठांवर धरला होता. मधली माइकपाशी तशीच उभी होती, आणि त्या दोघांपैकी तिच्याकडे बघणारं कोणी नव्हतं.

“तुम्ही हे घरी ठरवून का येत नाही?” नगराध्यक्षांनी विचारलं.

“घरी ठरत नाही,” दादा म्हणाला, “म्हणून तर इथे आलो.”

मतदान व्हायला वेळ लागला. आधी एका नगरसेवकाने भाषण केलं, मग दुसऱ्याने त्याच भाषणाला विरोध म्हणून तेच भाषण केलं. शेवटी हद्दवाढ मंजूर झाली. पट्टा निवासी ठरवायचा निर्णय बाजूला ठेवला गेला: मिश्र वापर तत्त्वतः मान्य, पूर्ण आराखडा पुढच्या सभेत, आणि करवत उजाडून शहर जागं झाल्याशिवाय सुरू करायची नाही, सुट्टीच्या दिवशी तर मुळीच नाही. पाण्याची लाइन कामांत धरली गेली. बसचा प्रस्ताव संबंधित समितीकडे गेला.

“समिती म्हणजे कोण?” आत्याने जाता जाता नगराध्यक्षांना गाठून विचारलं. “त्यांची नावं द्या मला. मी भेटून येते.” नगराध्यक्षा दोन पावलं मागे सरकल्या.

बाहेर पायऱ्यांवर पाचही जण उगाचच रेंगाळले. समोर ट्रक आणि गाडी शेजारी शेजारी उभी होती. दादाचं तोंड उतरलं होतं.

“पहाटेची थंड वेळ गेली,” तो म्हणाला. “बाबा त्याच वेळी काम उरकायचे. उन्हं वर आली की माणूस ढिला पडतो.”

“माझी मागची रांग गेली,” धाकटा म्हणाला. “त्यातली टोकाची घरं सगळ्यांत चांगली होती.”

कोणी कोणाचं सांत्वन केलं नाही. पण हे दोघे एकमेकांना सांगत होते, तिला नाही. मधली एक पायरी खाली उतरून उभी राहिली आणि हात मोकळे सोडून नुसती ऐकत राहिली. तिला जरा हलकं वाटलं आणि थोडं चुकल्याचुकल्यासारखंही.

“मधले,” वहिनी म्हणाल्या, “तू खरंच येणार राहायला? की नुसतं तिथे बोलायचं म्हणून?”

सगळे तिच्याकडे वळले.

“खरंच येणार,” ती म्हणाली. “दुकान राहील शहरात. मी रात्री घरी येईन.”

“आता सगळंच शहरात आहे,” आत्याने आठवण करून दिली.

“मग तिचं घर आधी,” धाकटा म्हणाला. “पहिलं तिचंच. रस्त्याच्या बाजूला, पूर्वेकडे तोंड. दोन मजले.”

“रस्त्याची धूळ कशाला तिच्या माथी? कालव्याकडे दे. आणि दोन मजले कशाला? तिचे गुडघे दुखतात.”

“गुडघे तुझे दुखतात, दादा.”

“वर गच्ची हवी,” वहिनी म्हणाल्या. “कपडे वाळत घालायला.”

“खाली एक खोली माझी,” आत्या म्हणाली. “बस कधी येते ते खिडकीतून दिसलं पाहिजे.”

“खोल्या किती, तेच आधी ठरवू. तीन?”

“तिला एकटीला तीन कशाला? झाडायची कोणी?”

“मुलगी येईल ना सुट्टीला.”

“थांबा,” मधली म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण चौघेही गप्प झाले. धाकट्याने गुंडाळी पायरीवरच उलगडली होती आणि पेन्सिल हातात घेतली होती. “सांग ताई,” तो म्हणाला, “तुला कसं हवंय?”

मधली त्या कागदाशेजारी खाली बसली. दादाच्या वाकड्या रेघेच्या अलीकडे अजून कितीतरी जागा कोरी होती.

“मला जरा विचार करू द्या,” ती म्हणाली.

आणि ते थांबले. दादाने ट्रकची किल्ली खिशात परत ठेवली, आत्या पदर सावरून वरच्या पायरीवर टेकली, आणि एकदाही मध्ये न बोलता सगळे थांबून राहिले.